भागीदारीचं टेबल

ओल्या पॉलिशवर बसू नये, ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही असा एक समज आहे. माझ्या बाबतीत तो खरा ठरला नाही. कल्याणला सासऱ्यांकडे गेलो, ओटीवर त्यांची लाकडी पट्ट्यांची आरामखुर्ची दिसली. नेहमीपेक्षा जरा जास्तच चकाकत होती. मी ऐसपैस बसलो. बसल्यावर खालून गारवा जाणवला. मला वाटलं, सागवान असंच गार असतं.

“जावईबापू, उठू नका!” सासरे आतून ओरडले.

ते ओरडले म्हणून मी उठायला गेलो. मी उठलो, धोतर उठलं नाही.

त्या दिवशी मी साधा भेटायला गेलो नव्हतो. बायकोने मला वकीलपत्र देऊन पाठवलं होतं. सासूबाई जाऊन चार-सहा महिने झाले होते आणि सासरे कल्याणच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. बायको ही त्यांची एकुलती एक. मधे ती त्यांना भेटून आली ती गप्प होऊनच आली. स्वयंपाकघरात काय पाहिलं ते तिने मला थोडं थोडं करून सांगितलं. भाताच्या पातेल्याला आतून काळं कवच धरलेलं, मिठाची बरणी रिकामी, आणि ती आणायची राहिलीय हे त्यांच्या लक्षातही नाही. “अळणी जेवताहेत,” ती म्हणाली, “आणि कळत नाहीये त्यांना.” म्हणून त्यांना डोंबिवलीला आमच्याकडे राहायला घेऊन यायचं, आणि हे त्यांना पटवायचं काम माझं. डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत मी मनात भाषण घोकत आलो होतो. ते भाषण मला शेवटी सासऱ्यांचा पंचा नेसून करावं लागलं, कारण धोतर खुर्चीने ठेवून घेतलं होतं. पंचा नेसलेल्या माणसाचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

“तुम्ही आता आमच्याकडेच राहायला या,” मी म्हणालो.

“मुलीच्या घरी?”

“घर माझं आहे.”

“तुमचं कुठलं? भाड्याचं आहे.”

सासरे दिवाणी कोर्टात नाझर होते. निवृत्त झाले तरी कायदा त्यांच्या अंगातून निवृत्त झाला नव्हता. चुलीतला जाळ पुढे ओढायचा की मागे, याचाही ते दोन्ही बाजू ऐकून निकाल देत. पण त्यांच्या घराण्यात एक कायदा होता ज्यावर अपील नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. जेवण तर दूरच. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सासरे आमच्याकडे क्वचित येत, ओटीवर टेकत, लेकीच्या डोक्यावर हात ठेवत आणि तहानलेलेच परत जात.

“तुमच्याकडे पाळणा हलू दे,” ते त्या दिवशीही म्हणाले, “मी स्वतः येऊन पाणी मागून पिईन.”

पाळणा हलणार नाही, हे आम्हा दोघांना डॉक्टरांकडून तोवर कळून चुकलं होतं. त्यांना सांगायचं कोणी, हे ठरलं नव्हतं. म्हणजे तो कायदा आमच्या घरी कधीच उठणार नव्हता, आणि हे सासऱ्यांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पंचा सावरत परत निघालो तेव्हा खुर्चीकडे पाहिलं. धोतर स्पिरिट लावून सोडवलं होतं, पण पट्ट्यांवर त्याचं विणकाम धाग्याधाग्यासकट उमटलं होतं. मधून काठाची रेघही गेली होती. सासरे चष्मा वर करून ते बघत होते.

“आता हे सगळं तासून काढायला हवं,” ते म्हणाले. पण आवाजात राग नव्हता. उलट एक काम हाताशी आलं, असा काहीतरी सूर होता.

मला वाटलं, निदान एवढं तरी आपण निस्तरावं. पुढच्या रविवारी मी गेलो आणि आम्ही दोघांनी काचकागद घेऊन ती खुर्ची घासली. पॉलिश करायचं आम्हा दोघांनाही येत नव्हतं. सासऱ्यांनी कोर्टातल्या न्यायाधीशांच्या खुर्च्यांना पॉलिश होताना पाहिलेलं, एवढीच आमची विद्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची पुरचुंडी करून तिने लाकडावर हात फिरवत राहायचं, आणि फिरवताना थांबायचं नाही. थांबलं की तिथे डाग. मी थांबायचो. सासरे म्हणायचे, “जावईबापू, विचार करायचा असेल तर हात उचलून करा.” त्या रविवारी ते मिठाच्या बरणीपासून सासूबाईंच्या आजारपणापर्यंत खूप बोलले. पुरचुंडी फिरत होती म्हणून बोलता आलं असावं. समोरासमोर बसून ते कधी असं बोलले नव्हते.

खुर्ची ओटीवर वाळत होती आणि समोरच्या घरी कोपरीचे एक व्यापारी कोणाच्या तरी लग्नाची सुपारी घेऊन आले होते. जाता जाता ते थबकले. खुर्चीभोवती फिरले. वाकून खालून पाहिलं.

“विकाल काय?”

“ही माझ्या वडिलांची नाही की आजोबांची नाही,” सासरे म्हणाले, “मीच एका लिलावात घेतलेली आहे. विकायला हरकत नाही.”

“जुनी किती असेल?”

“मला सत्तावन्नावं संपलं. ही माझ्यापेक्षा धाकटी.”

“असं कोणाला सांगायचं नाही, नाझरसाहेब,” व्यापारी कळवळून म्हणाले. “मुंबईला फोर्टात दुकानवाले शंभर वर्षांखाली बोलतच नाहीत. ॲन्टिक म्हणतात त्याला.”

ते दिवसच तसे होते. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झालेली. ठाण्याच्या बाजूचे साहेब लोकांचे बंगले एकेक करून रिकामे होत होते आणि त्यांतलं सामान कोपरीच्या या व्यापाऱ्यांच्या गोदामात येऊन पडत होतं. मोडक्या पायांची कपाटं, डाग पडलेले आरसे, उसवलेल्या खुर्च्या. ते कोणी घासूनपुसून दिलं की मुंबईत त्याला गिऱ्हाईक होतं. व्यापाऱ्यांना माणूस हवा होता. सासऱ्यांना, ते कबूल करोत न करोत, काम हवं होतं. अडचण जागेची होती. कल्याणच्या ओटीवर एका खुर्चीपलीकडे काही मावत नव्हतं.

“आमच्या परसात पत्र्याची पडवी आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी घोकलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा नीट बाहेर पडलं.

सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावर बोट टेकवून पॉलिश वाळलं का ते पाहिलं. मग म्हणाले, “मुलीच्या घरी येणार नाही. पण भागीदाराच्या पडवीत कामाला यायला शास्त्राची हरकत दिसत नाही.”

असा आमचा धंदा सुरू झाला. भागीदार दोघे. एक न थकणारा, दुसरा रविवारचा.

सासरे सकाळी कल्याणहून निघायचे. हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या, पाण्याने भरलेला. होय, पाणी ते कल्याणहून आणायचे. परसात घरमालकाची विहीर होती. कामाला लागणारं पाणी ते तिचंच काढायचे, कारण त्यावर लेकीचा हक्क नव्हता. पण पिण्याच्या पाण्याबाबत धोका नको. दुपारी पडवीत बसून स्वतःच्या हातची कडक भाकरी तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळायचे आणि पाठमोरे असायचे, कारण मागच्या दारात लेक उभी असायची.

मी कचेरीत असायचो, त्यामुळे हे मला बायकोकडून कळायचं. तिची तक्रार करण्याची पद्धत निराळी होती. ती रोज संध्याकाळी मला आजची भाजी काय होती ते सविस्तर सांगे. “भरली वांगी होती. कोवळी मिळाली होती अगदी.” मी म्हणायचो, “वा.” ती म्हणायची, “त्यांना आवडतात.” आणि विषय संपायचा.

चहाचा चोथा मात्र ते घ्यायचे. नवीन तासलेलं लाकूड जुनं दिसावं म्हणून त्यावर चहाचं पाणी फिरवतात, हे त्यांना व्यापाऱ्यांनी सांगितलं होतं. आमच्याकडचा उकळून टाकलेला चोथा ते मागून नेत, पुन्हा उकळत आणि फडक्याने खुर्च्यांना पाजत. चोथ्याला ते अन्न मानत नसत. बायको एकदा दारातूनच म्हणाली, “बाबा, आमच्याकडचा चहा लाकूड पितं. तुम्हीच तेवढे उपाशी.”

“लाकडाला मुली नसतात, पोरी,” ते म्हणाले.

शेजारी एक निवृत्त मास्तर होते, ते काही दिवस कुंपणाशी उभे राहून हवा हुंगत असत. दारूबंदीचा जमाना, आणि आमच्या परसातून सकाळी नऊपासून स्पिरिटचा वास. शेवटी एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन, “सासरेबुवांना दुःख झालंय हे समजतं, पण…” असं सुरू केलं. मी त्यांना पडवीत नेऊन परवान्याची बाटली आणि चकाकणारं कपाट दाखवलं. त्यांची खात्री पटली, पण थोडी निराशाही झाली असावी.

मग टेबल आलं.

खाडीकाठच्या एका बंगल्यातला साहेब विलायतेला गेला होता आणि त्याचं जेवायचं टेबल व्यापाऱ्यांनी घेतलं होतं. बारा माणसं बसतील एवढं. ते रस्त्याने कोण आणणार? ठाण्याहून रिकामा परत येणारा एक रेतीचा मचवा गाठला, त्यात ते उलटं घालून खाडीने डोंबिवलीला आणलं, आणि बंदरापासून बैलगाडीवर. मचव्यावरचा म्हातारा आगरी सोबत आला होता. टेबल परसात उतरल्यावर त्याने डोक्याचं फडकं सोडून घाम पुसला आणि विचारलं, “दादा, यो कवरा टेबल! याच्यावं जेवाचं का निजाचं?”

प्रश्न रास्त होता. आम्ही पाटावर बसून जेवणारी माणसं. टेबल कुठल्याही दारातून आत जाईना, तेव्हा ते पडवीतच राहिलं. सासरे त्याच्याभोवती फिरत राहिले. जाडजूड फळी, गोल वळणाचे पाय, वर मेणबत्तीचे आणि कसले कसले साहेबी डाग. “हे काम झालं,” ते म्हणाले, “की आपलं नाव होईल.”

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाझराचीच मुलगी ती.

“बाबा, हे टेबल कोणाचं?”

“भागीदारीचं.”

“म्हणजे माझ्या घरचं नाही.”

“नाही.”

“आणि ज्या जमिनीवर आहे ती?”

“घरमालकाची.”

“शिधा तुम्ही तुमचा आणलात तर तो कोणाचा?”

आता त्यांना कुठे चाललंय ते कळलं. त्यांनी पुरचुंडी खाली ठेवली. मग बोटं मोजत म्हणाले, “शिधा माझा, टेबल भागीदारीचं, जमीन घरमालकाची. तुझी फक्त फोडणी.”

“फोडणीबद्दल काय लिहिलंय?”

“फोडणीबद्दल,” ते हळूच म्हणाले, “काही लिहिलेलं आठवत नाही.”

तेव्हापासून पिशवीतून डब्याऐवजी रेशनचे तांदूळ आणि डाळ येऊ लागली. दुपारी साहेबाच्या त्या प्रचंड टेबलाच्या एका कोपऱ्यावर, खाली वर्तमानपत्र घालून, एक ताट मांडलं जाई. सासरे उलट्या खोक्यावर बसून जेवत. पाणी अजून तांब्यातलंच. पण वरणाला फोडणी होती, भाजीत मीठ होतं. ते जेवायचे आणि बायको दुसऱ्या टोकाला उभी राहून काहीतरी निवडत असल्याचं नाटक करायची. तिच्या संध्याकाळच्या अहवालात फरक पडला. भाजी कोणती होती हे ती आता सांगेनाशी झाली. “दोनदा भात घेतला,” एवढंच.

सुट्टीच्या दिवशी मीही तिथे जेवायला बसायचो. त्या टेबलापाशी आम्ही तिघं म्हणजे मैदानात तीन कबुतरं. पण मला वाटतं, साहेबाकडे बारा माणसं बसत तेव्हाही ते इतकं भरलेलं नसेल.

आता यातली गोम तुमच्या लक्षात आलीच असेल. माझ्या नव्हती आली. टेबल विकायला आणलेलं होतं. ते विकलं गेलं की सासऱ्यांचं ताट ठेवायला लेकीच्या घराबाहेरची जागा उरत नव्हती. पुन्हा डबा, पुन्हा कडक भाकरी, पुन्हा लेकीकडे पाठ. आणि सासरे तर ते टेबल सुरेख करून टाकायला निघाले होते. रोज थोडं थोडं पॉलिश चढत होतं. व्यापारी दसरा झाल्यावर न्यायला येणार होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. मी परसात आलो, टेबल आरशासारखं झालं होतं, आणि हातातला गरम चहाचा पेला मी त्याच्या बरोबर मधोमध ठेवला. उचलला तेव्हा खाली पांढरंशुभ्र वर्तुळ होतं. चंद्रच. सासऱ्यांनी ते स्पिरिटने पुसून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा ते भाकरीएवढं झालं. शेवटी वरची सगळी फळी तासून कोरी करण्यावाचून मार्ग राहिला नाही. दिवसभर आम्ही घासत होतो. मी इतका ओशाळलो होतो की रात्री मान खाली घालूनच जेवलो. बायको मात्र मला दुसऱ्यांदा वाढताना जरा जास्तच प्रेमाने वाढत होती. मला वाटलं, माझी कीव आली असेल.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा. रंधा, पटाशी, काचकागद, पुरचुंडी, सगळं टेबलावर मांडलं. बायकोने हळदीकुंकू वाहिलं आणि मग, कोणी सांगितलं नसताना, ओल्या हळदीत पंजा बुडवून त्या कोऱ्या फळीवर पाचही बोटं उमटवली.

कोरं लाकूड हळद पिऊन टाकतं. घासून जाईना. सासऱ्यांनी स्पिरिटचा हात फिरवला तर पंजा विरघळला आणि पसरत पसरत सगळ्या फळीभर गेला. लाख चढवल्यावर टेबल असं पिवळंधमक झालं की पाहत राहावं. व्यापारी आले, त्यांनी गाडीवानाला बाहेरच थांबवलं.

“नाझरसाहेब, हे साहेबाचं टेबल की हळदीची नवरी?”

“सण होता,” सासरे म्हणाले.

“सण माणसांचा. टेबल ख्रिश्चन आहे!”

ते दोन खुर्च्या आणि आरसा घेऊन गेले. हळद उन्हाने उडते हे आम्हाला नंतर कळलं. टेबल उन्हात ओढून ठेवलं, आणि महिन्या-दीड महिन्यात पिवळा रंग विटून गेला. तोवर सासरे त्याच्यावर जेवतच होते.

संक्रांतीच्या सुमाराला ते पुन्हा तयार झालं आणि तिळाचं तेल सांडलं. उन्हाळ्यात तिसऱ्यांदा फळी तासली आणि एका दुपारी बायकोने तिच्यावर पापड वाळत घातले. “मांजर पोचत नाही एवढ्या उंच,” ती म्हणाली. पापड उचलले तेव्हा खाली प्रत्येकाचा काळसर गोल उमटला होता. पापडखाराने सागवान काळवंडतं म्हणे. माझा एक चंद्र होता, तिने पौर्णिमांची रांगच लावली.

मी तिला म्हणालोही, “अगं, जरा बघून करावं. बाबांच्या मेहनतीवर पाणी पडतंय.”

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. बाकी एरवी ही बाई दूध उतू जाऊ देत नसे.

सासरे बाह्या वर सारत. पुन्हा काचकागद घेत. कपाटं येत होती, जात होती, फोर्टात आमच्या मालाचं बरं बोललं जात होतं, फक्त टेबल जागचं हलत नव्हतं. वरची फळी मात्र दर वेळी जराशी रोडावत होती.

दुसरं वर्ष लागलं. व्यापाऱ्यांचा धीर संपला. एका रविवारी ते न कळवता आले आणि सोबत गिऱ्हाईकच घेऊन आले. पांढरी साडी, काळी छत्री, अशा एक वयस्कर पारशीण बाई. मुंबईला नवं घर मांडत होत्या. आणि दैव असं की नेमकं त्याच आठवड्यात टेबल पूर्ण झालं होतं. ना हळद, ना तेल, ना पापड. पडवीच्या पत्र्यातून उन्हाची एक तिरीप येत होती ती त्याच्यावर पडली होती, आणि त्यात गोल वळणाचे पायसुद्धा उजळले होते. बाई छत्री मिटून नुसत्या उभ्या राहिल्या.

“सुंदर छे,” त्या म्हणाल्या. “कितना पुराना?”

व्यापाऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या तोंडात दीडशे वर्षं तयार होती. मागच्या दारात बायको येऊन उभी राहिली. तिने दाराची चौकट धरली होती. ताट मांडायची वेळ झाली होती, आणि ते तिच्या दुसऱ्या हातात होतं.

तिच्याकडे पाहिलं आणि मला एकदम सगळं कळलं. हळद कळली, तेल कळलं, पापड कळले. वर्षभर उशिरा, पण कळलं. आणि आता करता येण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या हातात पेलाही नव्हता.

सासऱ्यांनी हातातली पुरचुंडी डब्यात ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि चष्मा पुसला. मग साक्ष नोंदवावी तसे हिंदीत बोलू लागले.

“बाईसाहेब, पाय पुराने हैं। ऊपर की फळी का मैं नहीं बोल सकता। चार दफा तासी है। इसके ऊपर चाय गिरी, हलदी गिरी, तेल गिरा, पापड सुखाए। बीच में दबाव देंगे तो अभी थोडी लचकती है। ॲन्टिक बोलेंगे तो झूठ होगा।”

“अहो नाझरसाहेब!” व्यापारी ओरडले.

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. सासऱ्यांकडे पाहिलं. मग दाराकडे, हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. आणि हसल्या.

“अरे, तो सीधा बोलो ना के बेचना नहीं है!”

सासऱ्यांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, हीच त्यांची कबुली.

बाई पडवीतलं एक छोटं कपाट पसंत करून गेल्या. व्यापारी काही पावलं जाऊन परत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “टेबल माझ्याकडून तुम्हाला आहेर समजा. पण पुढचा माल मी आल्याशिवाय कोणाला दाखवायचा नाही. आणि बोलायचं मी. नाझरसाहेबांनी नाही.”

ते गेले. बायकोने पुढे येऊन ताट ठेवलं, नेहमीच्या कोपऱ्यावर. वर्तमानपत्र घालायला ती विसरली, ते त्या टेबलाकडे तिचं खरोखर झालेलं पहिलं दुर्लक्ष. सासरे खोक्यावर बसले. त्यांचा फिरकीचा तांब्या समोरच होता. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

“पोरी,” ते म्हणाले, “पाणी दे.”

ती हलली नाही. तिला वाटलं असेल, ऐकण्यात काही चूक झाली.

“घरातलं आण. माठातलं.”

“बाबा, अजून पाळणा…” ती म्हणाली.

“मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पुष्कळ दिवस ठाऊक आहे. पाणी दे.”

कोणी सांगितलं, कधी कळलं, मी कधी विचारलं नाही. वर्ष-दीड वर्ष एक माणूस पुरचुंडी फिरवत असतो आणि दुसरं माणूस दारात बसून तांदूळ निवडत असतं, तेव्हा न बोलताही बरंच बोलून होतं. ती आत गेली. पेला भरून आणायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लागला. आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि पदर ओला होता. सासऱ्यांनी पेला घेतला, एका दमात संपवला आणि पुढे केला. तिने पुन्हा भरला. तिसऱ्यांदा त्यांनी मागितला तेव्हा मी म्हणालो, “अहो, भात जाणार नाही मग.”

“जावईबापू,” ते म्हणाले, “फार वर्षांची तहान आहे.”

पुढे कल्याणच्या खोल्या एकदम सोडल्या असं झालं नाही. आधी त्यांचा दुसरा चष्मा आमच्याकडे राहिला, मग छत्री, मग अंथरूण. एक दिवस सासूबाईंचा कुंकवाचा करंडा आला, तेव्हा आम्ही समजलो. ते टेबल नंतर मधोमध कापून, अर्धं करून, घरात घेतलं. आता मी हे लिहितोय ते त्याच्यावरच, आणि हात टेकला की फळी अजूनही मधे लचकते.

पण मी त्या रविवारबद्दल सांगत होतो. दिवेलागणीला सासरे फिरायला गेले होते. बायको मागच्या पायरीवर बसून दिव्याची काच पुसत होती. मी शेजारी बसलो. दुपारपासून मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, ते कोणाला तरी दाखवायला हवं होतं.

“मला कळलं बरं का,” मी म्हणालो. “हळद, तेल, पापड. सगळं मुद्दाम.”

“कळलं का?” ती म्हणाली. “बरं झालं.”

“पण तुला ही युक्ती सुचली कशी?”

तिने काच दिव्यासमोर धरून पाहिली, पुन्हा पुसायला घेतली.

“तुम्ही तो गरम पेला ठेवलात ना, त्यावरून. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलात. टेबल जाऊ नये म्हणून. त्या रात्री मला काय वाटलं सांगू? वाटलं, हे बोलत नाहीत, पण यांना सगळं समजतं.”

मला तो जास्तीचा भात आठवला. इतकी चांगली संधी माझ्या आयुष्यात पुन्हा आली नसती.

“मुद्दामच ठेवला होता,” मी म्हणालो.

तिने काच दिव्यावर बसवली, वात वर केली आणि माझ्याकडे पाहून हसली.

“राहू द्या हो,” ती म्हणाली. “मुद्दाम ठेवला असता तर तो इतका बरोबर मधोमध बसला नसता.”